जायफळाचे झाड आणि जायफळाचा बाजार

जायफळ आपल्या घरात इतके थोडे लागते की, त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तान्ह्या मुलाच्या गुटीसाठी सहाणेवर त्याचे दोन वेढे द्यावेत, श्रीखंडात चिमूटभर किसून घालावे, होळीच्या पुरणात आणि गणपतीच्या मोदकांत वास लागेल इतपत पडावे, आणि उरलेले फळ पुन्हा डब्यात जाऊन बसावे, एवढाच त्याचा संसार. एक फळ घरात महिनेच्या महिने पुरते. पण हेच फळ विकत घेताना जुन्या बायकांची जी चिकित्सा चाले ती पाहण्यासारखी असे. पूड त्या कधी घेत नसत. अख्खे फळ हातात घेऊन त्याचा जडपणा अजमावायचा, किडीने भोके पाडली आहेत काय ते पाहायचे, आणि कवचाचे असेल तर कानाशी नेऊन वाजवायचे. आतला गर नीट वाळला असला म्हणजे तो कवचात खुळखुळतो. जगातल्या मोठमोठ्या व्यापाऱ्यांनी जायफळाची प्रत ठरविण्याचे जे नियम केले आहेत, ते या परीक्षेच्या फारसे पलीकडे गेलेले नाहीत.

विचुंब्यास जमलेल्या श्रोत्यांपुढे आज आम्ही या फळाची जी हकीगत मांडणार आहो, ती एका आफ्रिकी देशाची आहे आणि आपल्या कोकणाचीही आहे. तो देश म्हणजे मॉरिशस. मादागास्करच्या पूर्वेस, हिंदी महासागरात असलेला हा बेटांचा देश आकाराने आपल्या रायगड जिल्ह्याच्या एक तृतीयांशही भरत नाही. बांदा बेटांबाहेर जायफळाचे झाड मुद्दाम नेऊन, लावून, फळास आणण्याचा पहिला मोठा यशस्वी उद्योग ज्या बेटांवर झाला, त्यांत मॉरिशसचे नाव अग्रभागी आहे. त्यासाठी जहाजे धाडली गेली, माणसांनी जिवावर उदार होऊन चोऱ्या केल्या, राजाच्या खजिन्यातून पैसा गेला. आणि आज तोच देश आपल्या स्वयंपाकापुरते जायफळ बाहेरून विकत आणतो. असे का झाले, हा आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता आपण पनवेलच्या खाडीपर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून तो येथे मांडण्यात औचित्य आहे.

प्रथम मूळ गाव पाहू. इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला बांदा नावाचा चिमुकल्या बेटांचा पुंजका आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारात येणारे उत्तम जायफळ, आणि त्याच्यावरची लाल जाळी म्हणजे जायपत्री, जवळजवळ सर्वस्वी या एका पुंजक्यातून येत असे. आपल्याकडे हे फळ कधी आले याला तारीख देता येत नाही, पण ते फार जुने आहे. चरकसंहितेत तोंडाला सुवास यावा म्हणून जे पदार्थ चघळण्यास सांगितले आहेत त्यांत जातीफल आहे. सहाव्या शतकातला कॉस्मास हा ग्रीक भाषिक प्रवासी सांगतो की, पूर्वेकडची लवंग, चंदन वगैरे जिन्नस आधी सिंहलद्वीपात उतरत आणि तेथून कल्याणसारख्या बंदरांकडे जात. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी हा अरब ग्रंथकार चौलास येऊन गेला. पूर्वेकडील बेटांच्या महाराजाकडे निपजणाऱ्या सुगंधी द्रव्यांच्या त्याने दिलेल्या यादीत कापूर व लवंग यांच्याबरोबर जायफळ आणि जायपत्री यांचीही नावे आहेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून पुढे एडन, तेथून तांबडा समुद्र, मग मिसर देश आणि कैरो, अलेक्झांड्रिया. अशा टप्प्याटप्प्याने हा माल जाई. म्हणजे आफ्रिका खंडाला जायफळाची ओळख झाली ती या वाटेने, आणि प्रत्येक टप्प्यावर हात बदलताना, जकात भरताना, त्याचा भाव चढत गेला. बांद्यात त्याच्या मोबदल्यात काय मिळे? तांदूळ, साबुदाणा आणि हिंदुस्थानचे सुती कापड. आपल्या मागावरचे लुगडे देऊन घेतलेले फळ व्हेनिसच्या बाजारात श्रीमंतांची मिजास होऊन बसे.

पोर्तुगीज 1512 साली बांद्यास पोहोचले, पण त्यांना तेथे पक्के पाय रोवता आले नाहीत. तो पराक्रम, त्याला पराक्रम म्हणायचे तर, डच ईस्ट इंडिया कंपनीने केला. 1602 साली स्थापन झालेल्या या कंपनीला जायफळ हवे होते असे म्हणणे पुरेसे नाही. आपल्याखेरीज ते दुसऱ्या कोणापाशी असू नये, हे तिला हवे होते. 1621 साली यान पीटरसोन कून याने बांदा बेटे जिंकली. त्यापूर्वी तेथे पंधरा हजारांच्या आसपास वस्ती होती असा अंदाज इतिहासकार देतात. कत्तल, उपासमार आणि हद्दपारी यांनंतर हजारभर माणसे मागे उरली. मग जमिनीचे तुकडे पाडून ते डच बागायतदारांना दिले, राबण्यासाठी गुलाम आणले, आणि सगळे फळ कंपनीने ठरवलेल्या भावाने कंपनीलाच विकायचे असा नियम केला. इंग्रजांचा हक्क असलेले रन नावाचे बेट तेवढे राहिले होते, त्याचाही निकाल 1667 च्या ब्रेडा तहात लागला. डचांना रन मिळाले आणि उत्तर अमेरिकेतला मॅनहॅटनचा मुलूख इंग्रजांकडे राहिला. ही गोष्ट अनेकांनी रंगवून सांगितली आहे, म्हणून आम्ही तीवर थांबत नाही.

थांबावे असे दुसरेच एक ठिकाण आहे. कंपनीने जायफळ चुन्यात बुडवून विकण्याची चाल पाडली. कीड लागू नये हा एक हेतू. पण बी मरावे, कोणी ते पेरले तर उगवू नये, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा हेतू सांगितला जातो. युरोपात माल फार साचला आणि भाव उतरण्याची धास्ती वाटली म्हणजे कंपनी तो जाळून टाकी. 1760 साली ॲमस्टरडॅममध्ये अशी होळी झाल्याचे एका फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने पाहून लिहून ठेवले आहे. आपल्याकडे वेंगुर्ल्यास या कंपनीची वखार होती. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. सुरतेस तिचा मोठा व्यापार होता आणि वीरजी व्होरासारखे धनाढ्य सावकार मसाल्याचे पदार्थ घाऊक उचलून बाजारावर पकड ठेवीत. म्हणजे ज्या किनाऱ्यावरून पूर्वी जायफळ पुढे जाई, त्याच किनाऱ्यावर आता ते डचांच्या भावाने उतरू लागले. झाड कोणाचे, हा प्रश्न मागे पडला. दार कोणाच्या ताब्यात, यावर भाव ठरू लागला.

हे दार फोडण्याचा विचार एका फ्रेंच माणसाच्या डोक्यात आला. त्याचे नाव प्येर प्वाव्र. फ्रेंच भाषेत प्वाव्र म्हणजे मिरी. मसाल्याच्या मागे लागलेल्या माणसाला आडनावही मिरीचेच मिळावे, ही नियतीची थट्टा म्हणावयाची. 1719 साली लियों शहरात त्याचा जन्म झाला. तो धर्मप्रसारासाठी पूर्वेकडे निघाला होता. 1745 साली परतीच्या प्रवासात इंग्रजांशी झालेल्या आरमारी चकमकीत त्याचा उजवा हात गेला. डचांच्या बटाव्हियात पडून असताना त्याने त्यांचा मसाल्याचा व्यापार जवळून पाहिला आणि तेव्हापासून एकच ध्यास घेतला, की ही झाडे फ्रान्सच्या बेटांवर न्यायची. मॉरिशस तेव्हा फ्रेंचांचे असून त्याला ईल द फ्रान्स म्हणत. 1753 च्या सुमारास त्याने चोरून आणलेली मोजकी रोपे तेथे मेली. ती मुद्दाम मारली गेली, असा आरोप त्याने तेथल्या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञावर केला होता. पुढे 1767 साली तो त्याच बेटाचा मुलकी कारभारी होऊन आला, आणि मग त्याने खासगी ध्यासाला सरकारी मोहिमेचे रूप दिले. त्याने धाडलेली जहाजे डचांचा पहारा चुकवून मोलुक्कांच्या दूरच्या बेटांवर गेली आणि 1770 च्या जूनमध्ये जायफळाची चारशेच्या आसपास रोपे, हजारो बिया आणि थोडी लवंगेची रोपे घेऊन पोर्ट लुईस परतली. दोन वर्षांनी आणखी एक खेप आली. पांपलमूस येथल्या सरकारी बागेत त्यांची लावणी झाली. 1776 साली लवंगेला आणि 1778 साली जायफळाला फळ धरले.

येथे झाडाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढल्या सगळ्या नफ्यातोट्याचे मूळ झाडाच्या स्वभावात आहे. पपईप्रमाणे जायफळात नर झाड निराळे आणि मादी झाड निराळे. रोप पाहून ते नर की मादी हे कळत नाही. सहा-सात वर्षे पाणी घालावे, सावली धरावी, आणि फुले आल्यावर समजावे की बागेतली निम्मी झाडे नर आहेत. नर थोडेच पुरतात. बाकीचे तोडावे लागतात. जे मादी निघते त्यालाही भरात यायला पंधरा-वीस वर्षे जातात. मुळे उथळ, म्हणून वाऱ्यापुढे ते टिकत नाही. ओल हवी, पण पाणी साचलेले चालत नाही. ऊन हवे, पण कोवळेपणी सावलीशिवाय ते करपते. थोडक्यात, हे झाड नातवासाठी लावायचे झाड आहे. ज्याला पुढल्या हंगामात सावकाराचे देणे फेडायचे आहे, त्याच्यासाठी ते नव्हे.

आणि हे बेट चक्रीवादळांचे. प्वाव्र 1772 साली स्वदेशी परत गेला. त्याच्यामागे सेरे या बागेच्या प्रमुखाने रोपे जगविली, वाटली, बूर्बों बेटाकडे आणि पलीकडे अमेरिकेतल्या फ्रेंच मुलखाकडे धाडली. त्या धडपडीतला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. सेशेल्स बेटांवरही फ्रेंचांनी अशी एक मसाल्याची बाग केली होती आणि शत्रू आलाच तर ती जाळून टाकण्याचा हुकूम होता. 1780 साली क्षितिजावर शीड दिसले. इंग्रज आले असे समजून रखवालदारांनी बाग पेटवून दिली. जहाज जवळ आले तेव्हा ते फ्रेंचांचेच निघाले. दुसऱ्याच्या मक्तेदारीविरुद्ध निघालेल्या माणसांनी आपली मक्तेदारी राखण्यासाठी आपलीच बाग जाळावी, याला काय म्हणावे? प्वाव्रने आपल्या लेखनातून गुलामगिरीचा निषेध केला होता; पण त्याच्या बेटावरची बागाईत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांच्याच हातांनी होत होती. बांद्याचे झाड आणताना बांद्याची रीतही बरोबर आली होती, असे आम्हांस वाटते.

1810 हे वर्ष या हकीगतीत दोनदा येते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंग्रजांनी बांदा घेतले आणि डिसेंबरमध्ये मॉरिशस घेतले. झाड जेथे जन्मले तेही त्यांचे आणि जेथे चोरून नेले तेही त्यांचे झाले. त्याआधीच्या ताब्याच्या काळात त्यांनी जायफळाची रोपे पेनांगकडे नेली होतीच. पुढे 1843 साली ते वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर गेले आणि तेथे असे रुजले की त्या देशाच्या निशाणावर आज जायफळाचे चित्र आहे. डचांनी आपली मक्तेदारी 1864 साली रीतसर सोडली. तोपर्यंत तिच्यात सोडण्यासारखे फारसे उरलेही नव्हते. झाड चहूकडे गेले आणि भाव खाली आला. ज्या भावाच्या लोभाने मॉरिशसने झाड आणले, तो भाव झाड आणल्यानेच मोडला. शिवाय या बेटाला त्याहून जवळचे आमिष दिसले होते. 1825 साली विलायत सरकारने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली. ऊस वादळात आडवा पडला तरी पुन्हा उठतो, आणि वर्ष-दीड वर्षात पैसा हातात देतो. जायफळाला पंधरा वर्षे थांबायला कोण तयार होणार? त्या साली दहा-अकरा हजार टन असलेली साखर 1860 नंतर लाख टनांच्या पुढे गेली. डोंगरउतार सोडून जिकडे तिकडे ऊस झाला आणि जायफळ सरकारी बागेच्या कुंपणात राहिले.

ऊस लावायला, तोडायला, गाळायला माणसे हवीत. 1835 च्या फेब्रुवारीत मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच्या आधीच, 1834 च्या नोव्हेंबरात, 36 हिंदी मजुरांना घेऊन ‘ॲटलस’ हे जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुईस लागले होते. पुढल्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे या करारावर त्या बेटात उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेली. मुंबईचा वाटा त्यामानाने लहान. पण त्या लहान वाट्यात आपली माणसे होती. ती मुख्यतः रत्नागिरी आणि सावंतवाडीकडची, तशीच घाटावरच्या सातारा भागातलीही. गैरप्रकारांची ओरड झाल्यामुळे 1839 साली ही निर्गत बंद केली गेली होती. 1842 च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरे पुन्हा खुली झाली, आणि मुंबईहून माणसे जाण्याचा मुख्य काळ त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे असा धरता येतो.

आता या वर्षांत पनवेल काय होते ते पाहा. विचुंब्याजवळून जाणारी गाढी नदी ज्या खाडीला मिळते, ती पनवेलची खाडी तेव्हा घाटाखालचे मोठे दार होती. 1830 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. पुण्याहून निघालेली गाडी घाट उतरून पनवेलला येई आणि तेथून मुंबईपर्यंत पाण्याची वाट असे. पनवेलची गाडीची चाके नावाजलेली होती ती उगाच नव्हे. 1863 साली रेल्वेने बोरघाट ओलांडला आणि या दाराचे महत्त्व ओसरले. म्हणजे पनवेलच्या भरभराटीची तेहतीस वर्षे आणि मुंबई बंदरातून मॉरिशसला माणसे गेल्याची मुख्य वर्षे, ही बव्हंशी एकच आहेत. मुंबईत मलाक्काच्या सामुद्रधुनीकडून उतरलेले जायफळ, लवंग, दालचिनी पुण्याच्या पेठांना चढवायची तर ती याच धक्क्यावरून बैलगाडीत पडायची. आणि सातारकडचा एखादा गडी दुष्काळाला किंवा कर्जाला कंटाळून भरतीवाल्याच्या मागे मुंबईस निघाला तर त्यालाही सरळ वाट हीच. त्या धक्क्यावर जायफळाची गोण वर चाललेली आणि तो माणूस खाली चाललेला, असे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास इतिहासाची आडकाठी नाही. त्या दोघांचा एकमेकांशी असलेला संबंध त्या माणसाला माहीत असण्याचे कारण नव्हते. ज्या बेटावर तो चालला होता तेथे जायफळ टिकले असते तर उसाने बेट व्यापले नसते, आणि त्याला कोणी न्यायलाही आले नसते.

त्याचा करार पाच वर्षांचा आणि पगार दरमहा पाच रुपये. वर तांदूळ, डाळ, तूप, मीठ असा शिधा. कागदावर हे आकडे फार वाईट दिसत नाहीत. पण एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापण्याचा नियम होता. आजारी माणूस महिन्याच्या अखेरीस मालकाचाच देणेकरी ठरे. करार संपल्यावरही मळ्याबाहेर हिंडायचे तर परवाना लागे, आणि 1867 च्या कायद्याने त्या परवान्यावर छायाचित्र असणे आवश्यक करून तो फास आणखी आवळला. 1871 साली मजुरांच्या वतीने अर्ज गेला, त्यावर शाही चौकशी मंडळ नेमले गेले, आणि त्याच्या अहवालाने पुष्कळ अन्याय उजेडात आला. तोवर एका पिढीची पाठ मोडली होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावरील ज्या सोळा पायऱ्या चढून ही माणसे बेटात शिरली, ती जागा आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून जतन केली आहे. 2006 साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले. त्यांच्या नोंदवह्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण: डचांनी जायफळ जितके काटेकोर मोजले तितकेच काटेकोर यांनी माणूस मोजला.

आता भावाकडे वळू. कारण मॉरिशस हा आज विकणारा नसून घेणारा देश आहे, आणि घेणाऱ्याच्या बाजूने भाव निराळा दिसतो. जगाच्या बाजारात अख्खे जायफळ आणि पूड यांचे खाते जकातीच्या वर्गवारीतच वेगवेगळे ठेवलेले असते. आपल्या देशात तर अख्ख्यातही कवचासकट आणि कवच काढलेले असे दोन पोटभाग आहेत. हा भेद वरवरचा नाही. कवचाचे वजन सबंध फळाच्या पाव हिश्शाच्या आसपास भरते. ते घेणारा लाकडाचेही भाडे भरतो. उलट कवच आतल्या गराचे किडीपासून रक्षण करते. सोललेल्या फळांची प्रत एका रतलात किती बसतात यावर लावतात: 80 बसली तर मोठी, 110 बसली तर मध्यम. त्याखाली तुटक्या, किडक्या, पोकळ फळांचा ढीग. तो ढीग फेकून देतात असे मात्र समजू नये. कीड गरातले पिठूळ द्रव्य खाते आणि तेलाचा भाग बराचसा सोडून देते, त्यामुळे तेल काढणाऱ्यांना किडके जायफळ चालते, किंबहुना परवडते. पुडीच्या डबीत काय येऊन पडत असेल, याची कल्पना यावरून यावी. अख्खे फळ मागणाऱ्या आमच्या आज्या चुकत नव्हत्या.

भाव चढतो आणि उतरतो तो मात्र घेणाऱ्याच्या हातात कधीच नसतो. इंडोनेशिया आणि ग्रेनाडा या दोन देशांच्या हाती मिळून जगाचा बहुतेक पुरवठा होता, तेव्हा 1987 च्या सुमारास त्यांनी एकमेकांत करार करून भाव बांधला. काही काळ तो झपाट्याने चढला. पण चढलेल्या भावाने करार मोडण्याचा मोहही चढला, आणि दोनतीन वर्षांत सगळे कोसळले. डचांना दीडशे-पावणेदोनशे वर्षे जे जमले ते यांना तीन वर्षेही जमले नाही, कारण बंदुकीशिवाय मक्तेदारी टिकविणे अवघड. मग 2004 च्या सप्टेंबरात आयव्हन नावाच्या वादळाने ग्रेनाडातली बहुसंख्य जायफळाची झाडे उपटली. तेच त्या बेटावर 1955 साली जॅनेट वादळात झाले होते. झाड पडते एका रात्रीत आणि उभे राहते पंधरा वर्षांत. तेवढा काळ दुसरीकडचे बागायतदार चार पैसे जास्त मिळवतात, नवी लागवड करतात, आणि ती फळास येते तेव्हा भाव पुन्हा पडलेला असतो. मॉरिशससारखा लहान गिऱ्हाईक देश या झुल्यावर भाव सांगत नाही, ऐकून घेतो.

आपल्या कोकणालाही हा झुला नवा नाही. सह्याद्रीच्या ओल्या रानांत जायफळाचे रानटी भाऊबंद आहेत. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे येथे पाणथळ देवराईत राखलेली त्यांची झाडे अलीकडे राज्याने जैवविविधता वारसा म्हणून घोषित केली. रानटी जातीची पत्री, जिला आपण रामपत्री म्हणतो, एकोणिसाव्या शतकात मुंबईहून युरोपात जाई आणि तेथे ती खऱ्या जायपत्रीत भेसळ म्हणून घातली जाई. इंग्रज रसायनज्ञांच्या पुस्तकांत ती ‘बॉम्बे मेस’ या नावाने बदनाम झाली. बिचाऱ्या झाडाचा त्यात काय दोष? खऱ्या जायफळाची शास्त्रशुद्ध लागवड कोकणात वाढली ती पुष्कळ पुढे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नारळी-पोफळीच्या सावलीत आंतरपीक म्हणून ते लावण्यास उत्तेजन दिले, कोकण सुगंधा, कोकण स्वाद यांसारख्या जाती दिल्या, आणि मादी झाडाच्या फांदीचे कलम बांधून नर-मादीचा तो जुना जुगार बराचसा मिटविला. प्वाव्र आणि सेरे यांना जे साधले नाही ते एका साध्या कलमाच्या चाकूने साधले. परंतु कलम झाडाची खात्री देते, भावाची देत नाही. श्रीलंकेशी झालेल्या मुक्त व्यापाराच्या करारामुळे तिकडचे जायफळ सवलतीने येते, इंडोनेशियाचे येते, केरळचे येते. आणि परदेशी माल उतरायला न्हावा-शेवाचे बंदर उरण तालुक्यात, पनवेलच्या शेजारीच आहे. गुहागरच्या किंवा दापोलीच्या बागायतदाराने आपली पोती भरताना हे बंदर डोळ्यांपुढे ठेवावे लागते, आणि आमच्या मते सहकारी विक्रीवाचून त्याची सुटका नाही. एकट्या गड्याने पाचपन्नास किलो जायफळ दलालाकडे नेले की, दलाल सांगेल तो भाव.

मॉरिशस 12 मार्च 1968 रोजी स्वतंत्र झाला. तेथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते; शाळांतून मराठी शिकवले जाते; कोकणातल्या जाखडीचे ‘झाकरी’ हे रूप तेथल्या गावांतून नाचले जाते. पणजोबाचे गाव कोणते, हे पुष्कळांना नोंदवहीत पाहूनच कळते, आणि नोंदवहीत गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले गावाचे नाव नकाशावर सापडवायला फार खटपट पडते. घरातली भाषा क्रिओल झाली असली तरी सणाचे पक्वान्न टिकले आहे. त्यात घालायचे जायफळ पोर्ट लुईच्या बाजारातून आणायचे, आणि त्या बाजारात ते परदेशी जहाजाने यायचे.

पांपलमूसची बाग अजून आहे. तिला आता स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे नाव दिले आहे. तेथे जायफळाची झाडे उभी आहेत, आणि वाटाडे प्रवाशांना त्यांचे पान चुरगळून वास घ्यायला देतात.